मूल परत येतं तो भाग

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत दर गुरुवारी एक बोहारीण येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. ती गेटपाशी हाळी देते, वॉचमन मान हलवतो, आणि मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचं दुकान मांडलं जातं. दोन साड्या आणि एका पँटवर डबा मिळतो. कढई हवी असेल तर आणखी एक साडी काढावी लागते. ही घासाघीस इमारत बांधल्यापासून चालू आहे.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. "सावधान! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरत आहे. भांडी विकायच्या बहाण्याने बायका बिल्डिंगमध्ये शिरतात. कालच दोन मुलं नेली. पोलिसांनी कळवलं आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, एखाद्याचं मूल वाचेल." पाठोपाठ कुणीतरी गॅलरीतून काढलेला बोहारणीचा फोटो टाकला. पाटी खाली ठेवून ती पाणी पीत होती. फोटोखाली दोनच शब्द होते: "हीच का?"

तो मेसेज मीही वाचला. माझं मूळ गाव माण तालुक्यात. गावच्या ग्रुपवर तो मीच पाठवला. वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल, पाठवायला त्याहूनही कमी. मनात काही वाईट नव्हतं. गावाकडे भावाची दोन लहान मुलं आहेत, एवढंच डोक्यात होतं. हे प्रकरण लिहायला मी बसलो तो त्या अर्ध्या मिनिटामुळे. ऑनलाइन माहितीचा समाजावर काय परिणाम होतो, हा प्रश्न फार मोठा वाटतो. पण त्याचं सगळं यंत्र त्या अर्ध्या मिनिटात चालू असतं, आणि ते चालवणारा हात आपलाच असतो.

आधी तो मेसेज नीट पाहू. त्यात "काल" आहे, पण तारीख नाही. म्हणून तो आज वाचला तरी ताजा आणि सहा महिन्यांनी वाचला तरी ताजाच. त्यात "आपला भाग" आहे, पण गावाचं नाव नाही. त्यामुळे जुईनगरमध्ये वाचणाऱ्याला तो जुईनगरचा वाटतो आणि माणमधल्या दहिवडीत वाचणाऱ्याला दहिवडीचा. "पोलिसांनी कळवलं आहे", पण कुठल्या ठाण्याने? कोणत्या अधिकाऱ्याने? आणि शेवटी आर्जव: एखाद्याचं मूल वाचेल. म्हणजे मेसेज पुढे न पाठवणारा माणूस जणू त्या मुलाच्या जिवावर उठलेला. हे शब्द कुणा एका हुशार माणसाने बसून घडवलेले असतीलच असं नाही. हजारो हातांतून जाता जाता अशा मजकुराचे अडणारे कोपरे झिजतात. ज्या तपशिलामुळे तो खोटा ठरू शकतो तो तपशील गळतो आणि ज्यामुळे काळीज हलतं तेवढंच उरतं. नदीतला गोटा गुळगुळीत होतो, तसंच.

आता २०१८ सालाकडे जाऊ. त्या वर्षी उन्हाळ्यापासून देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, त्यांतला एक जण एका मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असं ते दृश्य. ते खरंच चित्रित केलेलं होतं, त्यात काही खोटं जोडलेलं नव्हतं. फक्त ते भारतातलं नव्हतं आणि गुन्ह्याचंही नव्हतं. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जनजागृतीसाठी केलेली ती छोटी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकल वळून परत येते. मुलाला खाली उतरवतात. मागे बसलेला माणूस एक फलक उलगडून धरतो: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. पालकांनी सावध राहावं, एवढाच तिचा हेतू. कुणीतरी हा शेवट कापला. मूल परत येतं तो भाग गेला आणि मूल नेलं जातं तो भाग राहिला.

जोडीला फोटोही होते. ओळीने ठेवलेली लहान मुलांची प्रेतं दाखवून "अवयव काढून टाकून दिलेली मुलं" असं खाली लिहिलेलं असायचं. त्यांतला निदान एक फोटो सीरियातल्या घौता भागाचा होता. तिथे ऑगस्ट २०१३मध्ये विषारी वायूच्या हल्ल्यात ही मुलं मेली होती. पाच वर्षांपूर्वी, हजारो किलोमीटरवर गेलेली लेकरं मालेगाव-धुळ्याच्या मोबाइलवर आणून ठेवली होती. त्यांच्या आईबापांना हे कधी कळलंही नसेल.

त्याच वर्षी ८ जूनला तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात जमावाने दोघांना चोर समजून ठार मारलं. मग १ जुलै २०१८, रविवार आला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे आदिवासी वस्तीचं गाव, आणि त्या दिवशी तिथला आठवडे बाजार. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पिंपळनेरजवळ त्यांची पालं पडली होती. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, असं कुणीतरी पाहिलं. ओरडा झाला. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं. जमाव वाढत गेला, दार तुटलं, आणि ते पाचही जण त्या खोलीत मरण पावले. हे सगळं लोकांनी मोबाइलवर चित्रितही केलं. ज्या यंत्रातून भीती आली, त्याच यंत्रात तिचा शेवट साठवला गेला.

त्याच दिवशी मालेगावात काय झालं, ते राईनपाड्याइतकं सांगितलं जात नाही. तिथेही आझादनगर भागात भिक्षा मागणाऱ्या पाच जणांच्या एका कुटुंबावर मुलं पळवणारे म्हणून जमाव चालून गेला. त्यांच्यात एक लहान मूल होतं. वस्तीतल्याच एका माणसाने त्या सगळ्यांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. बाहेर जमाव दगड मारत होता. पोलीस आले, त्यांच्या गाडीचीही मोडतोड झाली, पण पाचही जीव वाचले. अफवा सारखीच, दिवस तोच, दोन गावांतलं अंतरही फार नाही. फरक पडला तो एका दाराने. एकीकडे ते आतल्यांसाठी उघडलं, दुसरीकडे आतल्यांवर तोडलं गेलं.

या घटनांनंतर बहुतेकांनी दोष फोनवर टाकला. तो पूर्ण खरा नाही. मे २०१२मध्ये नागपूरच्या कळमना भागात नाथजोगी समाजाच्या तिघांना जमावाने संशयावरून ठेचून मारलं होतं. तेही बहुरूपी, भिक्षेकरी. तेव्हा स्मार्टफोन घरोघरी नव्हते. त्याच्याही मागे गेलं तर १८९६ची मुंबई दिसते. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि महिन्याभरात शहर अफवांनी भरून गेलं. इस्पितळात नेलेल्या माणसांची मोमियाई काढतात, म्हणजे माणूस उलटा टांगून त्याचं औषधी तेल काढतात, असं बोललं जाई. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं म्हणून राणीने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत, असंही. २९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेले. आज आपण ज्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो, तेच ते. त्या अफवा अगदीच हवेतून आल्या नव्हत्या. सरकारची माणसं घरात घुसत होती, आजाऱ्याला ओढून नेत होती, आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता. विश्वास आधी मेला होता. मोमियाईने त्या जागेत घर केलं.

राईनपाड्यातही असंच काही आधीपासून होतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कित्येक भटक्या समाजांना जन्मतःच चोर ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या. पण कागदावरून उतरलेला संशय गावच्या मनातून उतरला नाही, आणि कायद्यात नाव असो वा नसो, पाल टाकून राहणाऱ्या प्रत्येकाला तो चिकटला. "गाव कुठलं?" या प्रश्नाला ज्याच्याकडे एका शब्दात उत्तर नाही, त्याच्याकडे आपण आजही डोळे बारीक करून बघतो. कराचीच्या क्लिपमध्ये मोटारसायकलवरचे दोन तरुण होते. मार बसला तो भिक्षेची झोळी घेतलेल्या पायी माणसांना. क्लिपमधल्या माणसांशी त्यांचं काहीच जुळत नव्हतं. जुळत होतं ते लोकांच्या मनातल्या जुन्या चित्राशी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून २०१९मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष याच दिशेचा होता: असे मेसेज पसरवणारे लोक फोन न समजणारे अडाणी नसतात. मुळात दुसऱ्या समाजाबद्दल असलेला आकस त्यांना तो मजकूर खरा मानायला लावतो.

मग फोनने नवं काय आणलं? वेग आणि पसारा, हे उत्तर कुणीही देईल, आणि ते बरोबर आहे. पण ते आकड्यांत बघायला हवं. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि परदेशातही पोहोचली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ते सगळं काम टेलिफोनने केलं. पण फोनवर एका वेळी एकालाच सांगता येतं आणि पलीकडचा माणूस "तू स्वतः बघितलंस का?" असं विचारू शकतो. २०१८च्या मध्यापर्यंत व्हॉट्सॲपवर एक मेसेज एका दमात शेकडो ठिकाणी टाकता येत होता आणि एका ग्रुपमध्ये २५६ माणसं बसत होती. जुलै २०१८मध्ये कंपनीने भारतापुरती मर्यादा पाचवर आणली. तरीही पाच ग्रुप भरलेले असतील तर १,२८० माणसं होतात. त्यातल्या दहा जणांनीच पुढे पाठवलं तर दुसऱ्या टप्प्यात बारा हजारांवर. आणि "तू बघितलंस का?" हा प्रश्न २५६ जणांसमोर विचारायला संकोच वाटतो. पाठवणारा आपला मेहुणा असतो, मुलाच्या शाळेतल्या कुणाची आई असते. चारचौघांत त्याला खोटं कसं पाडायचं?

एप्रिल २०२०मध्ये आणखी एक बदल झाला. फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं ठरलं. त्यानंतर असे मेसेज सत्तर टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. मजकूर कुणी तपासला नाही, कुणाचं तोंड बंद केलं नाही. फक्त हाताला थोडे जास्त कष्ट पडू लागले. सरकारलाही पाच हा आकडा आधी एकदा सुचला होता. ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवेने बंगळुरू आणि पुण्यातून हजारो मुलं-मुली गुवाहाटीच्या गाड्यांना लटकून निघाली, तेव्हा केंद्राने काही दिवस दिवसाला पाचच एसएमएस अशी मर्यादा घातली होती.

जुईनगरसारख्या ठिकाणी हा पसारा कसा होतो, तेही पाहण्यासारखं आहे. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतला हा एक लहान नोड. सानपाडा आणि नेरूळ यांच्या मधलं स्टेशन, इथून पनवेलचीही गाडी मिळते आणि ठाण्याचीही. पलीकडे मूळच्या आगरी-कोळ्यांचा जुईपाडा, अलीकडे साताऱ्या-सांगलीची माथाडी कुटुंबं, कोकणातली नोकरदार माणसं, रेल्वे कॉलनीत देशभरातले कर्मचारी. इथल्या एका माणसाच्या फोनमध्ये किती जग असतं? माझ्यापुरतं सांगतो: सोसायटी, शाळेतले पालक, ७.५२च्या लोकलचा डबा, ऑफिस, भजनी मंडळ, भावकी आणि गाव. हे ग्रुप एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा एकमेव धागा मी आहे. लोकलच्या डब्यातली गोष्ट माण तालुक्यात पोहोचते ती माझ्यातून. आणि तिथे पोहोचल्यावर ती "मुंबईहून आपल्या माणसाने कळवलंय" अशी होते. मेसेजमध्ये नसलेला विश्वास मी माझ्या नावाने पुरवतो. शहरात राहणाऱ्या, शिकलेल्या माणसाने ही गोष्ट मनाला लावून घ्यायला हवी. गावाकडचा माणूस त्या मेसेजवर विश्वास ठेवत नाही, आपल्यावर ठेवतो.

मी तो मेसेज गावाला पाठवला, त्याच महिन्यात सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी गाडीतून खेचून पट्ट्या-काठ्यांनी मारलं. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते आणि एका मुलाला रस्ता विचारत होते. ती बातमी वाचली त्या रात्री मी गावच्या ग्रुपवर जाऊन माझा मेसेज शोधला. पुसायला फार उशीर झाला होता.

घटना घडून गेल्यावरही अफवा थांबत नाही. ती दुसरं रूप घेते. १६ एप्रिल २०२०च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. लॉकडाउनच्या दिवसांत चोरांच्या अफवांनी त्या भागातली गावं रात्ररात्र जागत होती. काही दिवसांतच व्हिडिओ देशभर गेला आणि त्याला धर्माचा रंग देणारे मजकूर सुरू झाले. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांच्या नावांची यादीच जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवायला. मेलेल्या तिघांबद्दलचं दुःख बाजूला राहिलं आणि राज्यभर भांडण पेटलं ते न घडलेल्या गोष्टीवर. सार्वजनिक चर्चा बिघडते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला या घटनेत सर्वांत स्पष्ट दिसतं. गडचिंचल्यात पोलीस कमी का पडले, गाव इतकं का घाबरलं होतं, दुर्गम भागात खरी माहिती कोण पोहोचवतं, हे प्रश्न विचारायला जागाच उरली नाही.

अशा वेळी सरकारनेच ठरवावं काय खरं आणि काय खोटं, असं अनेकांना वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं, आणि त्याचं कारणही पालघरचंच आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एक साधं मत लिहिलं म्हणून तिथल्या एका तरुणीला, आणि ते आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाचा असा वापर होत होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. पुढे केंद्र सरकारने आपल्या कारभाराबद्दलचा कुठला मजकूर खोटा हे ठरवायला स्वतःचंच तथ्य-पडताळणी केंद्र नेमण्याचा नियम २०२३मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी सप्टेंबर २०२४मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. स्वतःबद्दलच्या टीकेचा निवाडा स्वतःच करायचा अधिकार कुणालाच नको, हे मला पूर्ण पटतं. पण मग खोटं थांबवायची जबाबदारी आपल्या अंगावर येते, हेही तितकंच मान्य करावं लागतं.

आमच्या ग्रुपवर ते थांबवलं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. बोहारणीच्या फोटोखाली अंगठे आणि "वॉचमनला सांगा" असे निरोप जमत होते. काकूंना भरभर टाइप करता येत नाही. त्यांनी बोलूनच पाठवलं. "अरे, ही माझ्याकडे पंधरा वर्षं येते. तुर्भ्याला राहते. तिची नात म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीत आहे. माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला भात केला ते पातेलं तिच्याकडचं. फोटो काढून टाका तो. ती उद्या आली तर माझ्याकडे पाठवा." यानंतर ग्रुप बराच वेळ शांत होता. मग फोटो टाकणाऱ्याने तो काढून टाकला आणि "सॉरी काकू" असं लिहिलं.

त्या निरोपात एकही मोठा पुरावा नव्हता. पण मूळ मेसेजमध्ये जे जे नव्हतं ते सगळं त्यात होतं: ठिकाण, वर्षं, नाव घेऊन सांगता येईल असं नातं, आणि बोलणाऱ्या माणसाचा आवाज. न्यायालयं, कंपन्या, पोलीस सगळे आपापलं करतील. १७ जुलै २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं आहे, ते हवंच. पण बोहारीण कोण आहे हे नेरूळ पोलीस ठाण्याला ठाऊक असायचं कारण नाही. ते काकूंना ठाऊक होतं.

तुमच्या फोनवर असा मेसेज येईल तेव्हा पाठवणाऱ्याला ग्रुपवर काही लिहू नका, त्याला सरळ फोन लावा. कुठे घडलं, कधी घडलं, तुला कुणी सांगितलं, एवढं विचारा. आणि ज्या माणसावर बोट ठेवलं आहे त्याला तुम्ही ओळखत असाल, तर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. मी त्या संध्याकाळी सांगितलं नव्हतं. मलाही ती बोहारीण ओळखीची होती.